आधी शस्त्रं की आधी घरं? गाझाच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: अमेरिकी काँग्रेसमधले काही लोकप्रतिनिधी पत्र लिहून आपल्या सरकारकडे आग्रह धरताहेत, की गाझात हमासचं निःशस्त्रीकरण आणि त्यानंतरची पुनर्बांधणी या दोन्ही कामांत अमेरिकेने पुढाकार घ्यावा. बाहेरच्या कुणी पुढाकार घेऊन असं काही होतं का? आणि होत असेल तर आधी काय करायचं, शस्त्रं काढायची की घरं बांधायची?

मी बरीच वर्षं याच कामात काढली, आधी लायबेरियात आणि मग पूर्व काँगोत. शस्त्र खाली ठेवणाऱ्या माणसाची नोंद करायची, त्याला छावणीतून घरी पोहोचवायचं आणि तो परत जंगलात जाऊ नये याची तजवीज करायची, असं ते काम. त्या अनुभवावरून थोडक्यात सांगायचं तर, होतं. पण ‘आधी सगळी शस्त्रं, मग सिमेंट’ या क्रमाने झाल्याचं माझ्या पाहण्या-वाचण्यात एकही धड उदाहरण नाही. आणि लोकप्रतिनिधी पत्रात जे मागतात त्यातला बराच भाग सरकारच्या नव्हे, त्यांच्या स्वतःच्याच हातात असतो. आता सविस्तर.

निःशस्त्रीकरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शस्त्रांचा ढीग येतो. प्रत्यक्षात ते एक टेबल असतं. टेबलापलीकडे लष्करी निरीक्षक. माणूस रायफल आणतो, निरीक्षक मॅगझिन काढतो, चेंबर रिकामा आहे का ते बघतो, खटका ओढून पाहतो. बोल्ट वेगळा काढून दुसऱ्या पेटीत टाकतात, म्हणजे रात्री कोणी कोठार फोडलं तरी हाती नुसती नळी आणि लाकूड लागतं. नंबर असेल तर नोंदवायचा. बऱ्याचदा तो कानस मारून घालवलेला असतो. मग फोटो, अंगठा, ओळखपत्र. सिएरा लिओनमध्ये तर त्याच्यापुढे एके-47 ठेवायची आणि ‘उघड आणि परत जोड’ म्हणायचं. जमलं तर लढवय्या, नाही जमलं तर घरी जा. या एका चाचणीने कितीतरी बायका बाहेर राहिल्या. टोळीबरोबर वर्षानुवर्षं ओझी वाहिलेल्या, स्वयंपाक केलेल्या, पळवून नेलेल्या मुली. रायफल त्यांच्या नवऱ्याच्या किंवा कमांडरच्या हातात, त्यामुळे यादीत नाव त्याचं.

या टेबलाशी काय काय घडू शकतं याचा धडा लायबेरियाने दिला. 7 डिसेंबर 2003 ला मनरोव्हियाजवळच्या शेफलिन छावणीत शस्त्रं घ्यायला सुरुवात झाली. हजारभर लोक येतील असा अंदाज होता. त्याच्या कितीतरी पट आले. जागा, जेवण, पाणी, कशाचीच सोय पुरेशी नव्हती, आणि पैसे लगेच मिळणार अशी हवा पसरलेली. शहरात गोळीबार झाला, माणसं मेली. शेवटी हातावर पंचाहत्तर डॉलर ठेवून गर्दी शांत करावी लागली आणि कार्यक्रम एप्रिल 2004 पर्यंत थांबवला. पुन्हा सुरू झाला तेव्हा निकष सैल झालेले: शस्त्र नसेल तर दीडशे काडतुसंही चालतील, भत्ता दोन हप्त्यांत तीनशे डॉलर. कमांडरांनी काडतुसं भाच्या-पुतण्यांना वाटली, भत्त्यात वाटा ठरवून घेतला आणि रांगेत उभं केलं. सुरुवातीला 38 हजार लढवय्ये धरले होते. अखेर नोंद झाली एक लाखाहून अधिक माणसांची, आणि शस्त्रं जमली सुमारे 28 हजार.

हे आकडे दाखवून लोक म्हणतात, फसवणूक झाली. झालीच. तरीही लायबेरियात युद्ध परत पेटलं नाही. मी तिथे शिकलो ते हेच, की शस्त्रांचा आकडा हा यशाचा मापदंड नाही. साखळी तुटली का हे बघायचं: काल ज्या पोराला कमांडर रात्री हाक मारायचा, तो आज ती हाक ऐकतो का? हे पत्रकार परिषदेत सांगता येत नाही, म्हणून शस्त्रं मोजली जातात.

आता क्रमाचा मुद्दा. लोकप्रतिनिधींच्या भाषेत तो नेहमी सरळ रेषेत असतो: दहशतवाद्यांची शस्त्रं काढा, सुरक्षितता आली की पुनर्बांधणी सुरू करा. मतदारसंघात हे पटतं, यात शंका नाही. आमच्या पैशाने बांधलेल्या घराखाली पुन्हा भुयार निघालं तर, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण टेबलाच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या मनात वेगळाच प्रश्न असतो. काँगोत कुणी विचारायचा, कुणी नुसता बघत राहायचा, पण अर्थ एकच: बंदूक दिली तर उद्या शेजारच्या गटापासून मला कोण वाचवणार? गाझात हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये युद्धविराम लागू झाला त्याच दिवसांत गाझा शहरात हमास आणि दोघमुश कुळाच्या लोकांत चकमकी झाल्या, भर रस्त्यात माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. रफाह भागात इस्रायलच्या पाठिंब्याने उभे राहिलेले हमासविरोधी सशस्त्र गट वेगळेच. एका गटाची शस्त्रं काढायची आणि दुसऱ्याची राहू द्यायची, असं म्हटलं की पहिला गट शस्त्रं पुरतो. पूर्व काँगोत आम्ही हे वर्षानुवर्षं पाहिलं. एक टोळी खाली बसली की तिच्या गावावर दुसरी टोळी चालून यायची, आणि आम्ही सोडलेली पोरं परत झाडीत.

उत्तर आयर्लंडचं उदाहरण इथे जरा तपशिलात सांगतो, कारण गाझाच्या आराखड्यात त्याची छाया स्पष्ट आहे. ट्रम्प यांनी 29 सप्टेंबर 2025 ला जाहीर केलेल्या वीस कलमांत शस्त्रं कायमची वापराबाहेर ठेवण्याची, तीही ठरवून घेतलेल्या प्रक्रियेने आणि स्वतंत्र निरीक्षकांसमोर, अशी तरतूद आहे. ही मांडणी थेट बेलफास्टची, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या राजधानीची. शस्त्रं विकत घेण्याची आणि लढवय्यांच्या पुनर्वसनाची सोयही त्याच कलमात आहे. शस्त्र टाकून शांततेने राहायला तयार असलेल्यांना माफी, बाहेर जाऊ इच्छिणाऱ्यांना सुरक्षित वाट, हे दुसऱ्या एका कलमात. कागद म्हणून पाहिलं तर ज्याने लिहिलं त्याला हे काम ठाऊक होतं.

पण बेलफास्टमध्ये काय घडलं ते बघा. 1994 मध्ये आयआरएने, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, युद्धविराम केला. 1995 मध्ये ब्रिटिश सरकारने अट घातली, की चर्चेला बसण्याआधी थोडी तरी शस्त्रं द्या. आयआरएने नकार दिला. कोंडी फोडायला अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली तिघांचं मंडळ नेमलं. जानेवारी 1996 मध्ये त्यांनी सांगितलं, की चर्चेआधी शस्त्रं मिळणार नाहीत, चर्चेबरोबर मिळू शकतील. लंडनने ते मनापासून स्वीकारलं नाही, आणि 9 फेब्रुवारीला लंडनच्याच कॅनरी वॉर्फ भागात स्फोट झाला. गुड फ्रायडे करार, म्हणजे तिथला शांतता करार, व्हायला एप्रिल 1998 उजाडला. करारात शस्त्रांसाठी दोन वर्षांची मुदत होती. लागली सात. जून 2000 मध्ये फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी आणि दक्षिण आफ्रिकेचे सिरिल रामाफोसा यांनी आयआरएची काही कोठारं जाऊन तपासली. शस्त्रं नष्ट झाली नव्हती, पण बाहेरच्या माणसांच्या नजरेखाली आली. शेवटचा साठा नष्ट झाल्याची घोषणा 26 सप्टेंबर 2005 ला कॅनडाचे जनरल जॉन द शॅस्टलेन यांनी केली. साक्षीदार म्हणून एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट धर्मगुरू होते. फोटो नाही, यादी नाही. त्या काळात अनेकांनी याला धूळफेक म्हटलं. मला मात्र तो शहाणपणा वाटतो: हरलेल्याचा फोटो काढायचा हट्ट धरला असता तर कदाचित आणखी पाच वर्षं गेली असती.

हमासच्या काही नेत्यांनी शस्त्रं सोपवण्याऐवजी ‘गोठवण्या’ची किंवा साठवून ठेवण्याची भाषा केली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये आणि तेल अवीवमध्ये ती चालढकल मानली गेली. असेलही. बेलफास्टच्या अनुभवावरून मी एवढंच म्हणेन, की कुलूप लावलेलं आणि तिऱ्हाइताने तपासलेलं कोठार ही मधली पायरी म्हणून उपयोगी पडते. तीच शेवटची पायरी आहे असं कुणी म्हणू लागलं की सावध व्हायचं.

याहून बोलकं उदाहरण आचेचं. इंडोनेशियाच्या या प्रांतात ‘गाम’ नावाची स्वातंत्र्यवादी संघटना जवळपास तीस वर्षं लढत होती. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने तिथली दीड लाखाहून जास्त माणसं गिळली. पुढच्या ऑगस्टच्या 15 तारखेला हेलसिंकीत करार झाला, मध्यस्थ पुन्हा तेच अहतिसारी. करारातला क्रम नीट वाचण्यासारखा आहे. आधी माफी: पंधरा दिवसांच्या आत कैदी सोडायचे, आणि सुमारे चौदाशे सुटलेही. मग सप्टेंबर ते डिसेंबर चार टप्पे. प्रत्येक टप्प्यात गामने आपल्या 840 शस्त्रांचा चौथा हिस्सा द्यायचा, आणि त्याच टप्प्यात जकार्ताने बाहेरून आणलेल्या फौजेचा हिस्सा मागे घ्यायचा. देखरेखीला युरोपीय संघ आणि आसियान देशांचं संयुक्त पथक. शस्त्रं तिथल्या तिथे, लोकांसमोर, फिरत्या करवतीने कापली जायची. गावठी, मोडकी शस्त्रं पथक नाकारायचं. दिली गेली हजाराच्या वर, मान्य झाली 840. त्यातल्याही काहींवर लष्कराने हरकत घेतली, पण कोणी करार मोडला नाही. वर्षाच्या अखेरीस गामने आपली सशस्त्र शाखा बरखास्त केली.

आणि हे चालू असतानाच घरं बांधली जात होती. पुनर्बांधणीसाठी वेगळी यंत्रणा एप्रिल 2005 मध्येच, म्हणजे करार व्हायच्या आधी, उभी राहिली. तिचं मुख्यालय जकार्तात न ठेवता बांदा आचेत ठेवलं, प्रमुख कुंतोरो मंगकुसुब्रोतो, मुदत चार वर्षं. सव्वा लाखाहून जास्त घरं बांधून झाली आणि 2009 मध्ये यंत्रणेला टाळं लागलं. बंद पडणारी पुनर्बांधणी यंत्रणा ही दुर्मीळ गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आचेत सगळं गोड झालं असं नाही. लढवय्यांची संख्या करारात तीन हजार धरली होती, पण गामने नावांची यादी दिलीच नाही. यादी दिली तर उद्या घरी पोलीस येतील ही भीती. मग पैसे कमांडरांमार्फत वाटले गेले, आणि कमांडरांमार्फत वाटलेले पैसे जिथे थांबतात तिथेच थांबले. तरी गामचेच इरवांदी युसुफ डिसेंबर 2006 मध्ये निवडून येऊन प्रांताचे गव्हर्नर झाले. बंदूक ठेवणाऱ्याला समोर दुसरं दार उघडं दिसत होतं. हमासला असं कुठलंही दार वीस कलमांत नाही, कारभारात त्यांनी कोणत्याही रूपात असू नये असं तिथे साफ म्हटलंय. हमासच्या 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यानंतर दुसरं काही लिहिलं जाणं शक्यही नव्हतं. पण मग त्या दाराच्या जागी काय देणार, याचं उत्तर पैशात आणि नोकरीत द्यावं लागतं. तिथेच घोडं पेंड खातं.

नोकरीचं म्हणाल तर इराकची आठवण ठेवावी. मे 2003 मध्ये अमेरिकेने तिथे नेमलेल्या पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने एका आदेशाने इराकी लष्कर बरखास्त केलं. लाखो हत्यारबंद माणसं एका दिवसात पगाराविना. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. गाझात हमासच्या काळात नेमलेले सरकारी कर्मचारी सुमारे 40 हजार: शिक्षक, पालिकेचे लोक, दवाखान्यांतले लोक, पोलीस. हमास आणि तिचा प्रतिस्पर्धी पॅलेस्टिनी पक्ष फतह यांच्यातले 2014 आणि 2017 चे समझोते ज्या मुद्द्यांवर अडले त्यांत या लोकांचा पगार कोण देणार हा एक मोठा मुद्दा होता. पाणीपुरवठ्याचा पंप चालवणारा माणूस हमासने नेमला म्हणून काढला, तर नवा येईपर्यंत पंप बंद. ज्यांना गाळायचंय त्यांना गाळा, पण नावानिशी, चौकशी करून. सरसकट नको.

आता सिमेंट. 2014 च्या युद्धानंतर गाझातली सुमारे 18 हजार घरं पडली किंवा राहण्याजोगी राहिली नव्हती. ऑक्टोबरमध्ये कैरोत देणगीदारांची परिषद झाली. गाझासाठी साडेतीन अब्ज डॉलरचे आकडे जाहीर झाले. दोन वर्षांनी जागतिक बँकेने हिशेब मांडला तेव्हा त्यातले जेमतेम निम्मे आले होते. सिमेंट भुयारांत जाऊ नये म्हणून इस्रायल, पॅलेस्टिनी प्राधिकरण आणि संयुक्त राष्ट्रांनी मिळून एक यंत्रणा बसवली. घराचं नुकसान इंजिनिअर मोजणार, मालकाच्या नावावर गोण्या ठरणार, ठरलेल्या दुकानातूनच त्या उचलायच्या, दुकानात कॅमेरे. कागदावर चोख. प्रत्यक्षात ज्याला पन्नास गोण्या मिळाल्या त्याच्याकडे गवंड्याला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने निम्म्या गोण्या काळ्या बाजारात विकल्या. ज्याला भुयार खणायचं त्याच्याकडे रोकड होतीच. घरमालक अडकला, भुयारवाला अडकला नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये गळतीच्या आरोपावरून इस्रायलने खासगी सिमेंट काही आठवडे पूर्ण थांबवलं, तर भाव आणखी चढले. मालावर जितका पहारा बसवाल तितकी मधल्या माणसाची कमाई. लक्ष द्यायचं असेल तर मजुरीच्या पैशाकडे द्या. घर मालकाच्या हातून वेळेत उभं राहिलं तर गोणी विकायला उरतच नाही.

आणि या वेळचा पसारा 2014 च्या कितीतरी पट मोठा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने राडारोडाच 5 कोटी टनांच्या वर. फेब्रुवारी 2025 मध्ये जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रं आणि युरोपीय संघाने मिळून काढलेला खर्च 53 अब्ज डॉलर. त्याच वर्षी ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांचा आकडा 70 अब्जांवर गेला. राडारोड्यात न फुटलेले बॉम्ब आहेत. टाकलेल्या दारूगोळ्यापैकी पाच ते दहा टक्के फुटत नाही असं सुरुंग निकामी करणारी पथकं धरून चालतात. निर्वासित छावण्यांच्या जुन्या छपरांतलं ॲस्बेस्टॉस वेगळं. त्याखाली माणसांची प्रेतंही आहेत, त्यामुळे नुसता बुलडोझर फिरवून चालत नाही. हा ढिगारा उपसायला हजारो हात लागतील, आणि पहिली दोन वर्षं गाझात याहून मोठा रोजगार दुसरा नसणार. बंदूक ठेवणाऱ्याला पहिल्या सहा महिन्यांत द्यायला आपल्याकडे काय आहे, तर हे. राडारोडा उपसणं म्हणजेच पुनर्वसन. ते निःशस्त्रीकरण पूर्ण होईपर्यंत रोखून धरलं तर द्यायला हातात काहीच उरत नाही.

17 नोव्हेंबर 2025 ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 2803 मंजूर केला, 13 विरुद्ध शून्य, रशिया आणि चीन तटस्थ. त्याने गाझासाठीच्या आंतरराष्ट्रीय स्थैर्य दलाला 31 डिसेंबर 2027 पर्यंत अधिकार दिला. इस्रायली फौजेची माघार निःशस्त्रीकरणाच्या टप्प्यांशी जोडलीय. जोडणं बरोबरच, आचेतही तेच होतं. पण आचेत किती शस्त्रं, किती फौज, कुठला महिना, हे करारात लिहिलेलं होतं. इथे टप्पे पुढे ठरवायचे आहेत, आणि ठरवणाऱ्यांच्या यादीत ज्याची शस्त्रं काढायची तो नाही. मुदतीचं म्हणाल तर मोझांबिकमध्ये 1992 चा शांतता करार आणि रेनामो या बंडखोर संघटनेचा शेवटचा तळ बंद होणं यांत एकतीस वर्षं गेली. दोन वर्षांत गाझात सुरुवात होईल, शेवट होणार नाही.

आता येऊ लोकप्रतिनिधींकडे. पत्र लिहून पुढाकार मागणं सोपं. माझ्या मते त्यांनी तीन गोष्टी करायला हव्यात आणि त्या फक्त तेच करू शकतात.

पहिली आणि सगळ्यांत अडचणीची: कायदा. हमास ऑक्टोबर 1997 पासून अमेरिकेच्या दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे. अशा संघटनेला ‘भौतिक साहाय्य’ देणं हा तिथे गंभीर गुन्हा, वीस वर्षांपर्यंत शिक्षा. त्याची व्याख्या इतकी रुंद, की 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा संघटनेला शांततेने तंटा सोडवायचं प्रशिक्षण देणंही त्यात बसवलं. परराष्ट्रमंत्र्यांना प्रशिक्षण आणि सल्ल्यापुरती सवलत देता येते, पैशासाठी नाही. म्हणजे वीस कलमांत लिहिलेली शस्त्रखरेदी करायची, तर रायफल आणणाऱ्याच्या हातात पैसे ठेवणारा कारकून कायद्याच्या कचाट्यात. हे तर्कट नव्हे, कोलंबियात घडलंय. तिथली फार्क ही बंडखोर संघटनाही 1997 च्या त्याच यादीत होती. 2016 मध्ये करार झाला, 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने फार्ककडून 8,994 शस्त्रं घेतली. शस्त्रं आणि माणसं यांचं प्रमाण इतकं चांगलं इतरत्र क्वचित दिसतं. पण फार्कचं नाव यादीतून निघालं 30 नोव्हेंबर 2021 ला. मधली पाच वर्षं अमेरिकेची मदत यंत्रणा शेजारच्या गावात रस्ता बांधू शकत होती, पण शस्त्र ठेवलेल्या माणसाला सुतारकाम शिकवायला बिचकत होती. ती पाच वर्षंच सर्वांत महत्त्वाची असतात. हमासला यादीतून काढा असं मी म्हणत नाही, कोणी काढणारही नाही. पण नोंद झालेल्या, शस्त्र दिलेल्या, चौकशीतून गेलेल्या व्यक्तीपुरती अट सैल करणारा कायदा काँग्रेसच करू शकते. हे कलम मसुद्यात दिसलं तर पत्र गंभीरपणे लिहिलंय असं समजावं.

दुसरी, पैसा, आणि तो कुठल्या खात्यातून येतो. शस्त्रं घ्यायला पैसे मिळतात, कारण ते शांतता मोहिमेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात बसतात. त्यानंतरचं पुनर्वसन देणगीदारांच्या मर्जीवर. मी काम केलेल्या एका प्रकल्पात पोरांना गवंडीकामाच्या वर्गात घालायचं पत्र तयार होतं, फक्त वर्ग चालवायला निधी आला नव्हता. महिनोन्‌महिने ती पोरं ओळखपत्र गळ्यात घालून कार्यालयाच्या फाटकाशी बसायची. त्यांना दुसरा मालक शोधायला वेळ लागत नाही. म्हणून पुनर्वसनाची रक्कम शस्त्रांच्या पहिल्या टेबलाआधी खात्यात हवी. अमेरिकी काँग्रेसने हे एकदा केलंय. 1986 मध्ये आयर्लंडसाठी आंतरराष्ट्रीय निधी सुरू झाला. काँग्रेसने कायदा करून त्यात पैसे घातले, पुढे युरोपीय संघ, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आले. सीमेवरच्या पडीक गावांत छोटे उद्योग, दोन्ही पंथांच्या तरुणांना एकत्र काम. आयआरएचं शेवटचं शस्त्र नष्ट झालं त्याच्या एकोणीस वर्षं आधी हा पैसा फिरायला लागला होता. त्याच धर्तीवर डिसेंबर 2020 मध्ये इस्रायली-पॅलेस्टिनी उपक्रमांसाठी पाच वर्षांत 25 कोटी डॉलर मंजूर झाले. 70 अब्जांपुढे ही रक्कम काहीच नाही, पण रस्ता ओळखीचा आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे हिशेब मागणं. दर तीन महिन्यांनी प्रशासनाला समितीपुढे बोलवा. विचारा: किती कोठारं तपासली, कुठल्या भागातून फौज मागे आली, किती माणसं पगारावर आहेत, किती टन राडारोडा हलला. चारही आकडे एकत्र मागा. फक्त शस्त्रांचा आकडा मागितला तर लायबेरियासारखा आकडा मिळेल.

याच प्रश्नाला जोडून विचारलं गेलंय, की भारताने सैन्य पाठवावं का. गाझाशी आपला जुना संबंध आहे. सुएझ प्रकरणानंतर 1956 मध्ये उभं राहिलेलं संयुक्त राष्ट्रांचं आणीबाणी दल गाझात दहा वर्षं होतं. त्यात भारतीय तुकड्या होत्या आणि शेवटचे सेनापती मेजर जनरल इंदरजीत रिखी हे भारतीय होते. मे 1967 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ‘निघा’ म्हटलं आणि यजमानाची संमती गेल्यामुळे दलाला निघावं लागलं. निघता निघता जूनचं युद्ध सुरू झालं आणि त्यात आपले सैनिक मारले गेले. 2000 मध्ये सिएरा लिओनमध्येही निःशस्त्रीकरणाच्या छावण्यांवरून वाद पेटला. बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले आणि कैलाहुनला आपले गुरखे पंचाहत्तर दिवस वेढ्यात होते. ‘ऑपरेशन खुकरी’ या लष्करी मोहिमेने ते सुटले. ज्याची शस्त्रं काढायची त्याचा होकार नसताना परक्या दलाने ती काढायला जाऊ नये, हे दोन्हीकडून दिसतं. शिवाय 2803 चं दल निळ्या टोपीचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं शांतिदल नाही, आणि आपली आजवरची रीत संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली जाण्याची. म्हणून पायदळ नको. सुरुंग काढणारे सॅपर, फील्ड हॉस्पिटल आणि पोलीस प्रशिक्षक मात्र जरूर द्यावेत, आणि तेही स्थानिक प्रशासनाने लेखी मागितल्यावर.